मुद्देमालातला पांढरा शर्ट

देवपुरातल्या आमच्या घराचा जिना तसा लहानच आहे. पण गच्चीवर कुरडया वाळत घालायला चढते तेव्हा उजवा गुडघा कुरकुरतो, आणि दर वेळी मला सातपुड्यातला तो डोंगर आठवतो. नोकरीत किती तपास झाले, किती पंचनाम्यांवर माझी सही पडली, सगळं काही लक्षात नाही. हा तपास मात्र गुडघ्यात राहिला आहे, त्यामुळे विसरायची सोयच नाही. आणि खरं सांगू? विसरायचाही नाही मला.

मी खात्यात शिपाई म्हणून लागले आणि निवृत्त होताना सहायक फौजदार होते. ही हकिकत निवृत्तीच्या आधीच्या वर्षांतली. आमचं पोलीस ठाणं तापीच्या उत्तरेला, तिथून सातपुडा हाकेच्या अंतरावर दिसायचा. दिसायचा हाकेच्या अंतरावर, गाठायला जावं तर दिवस मोडायचा. नावं कोणाचीच सांगणार नाही. गावाचं नाही, डोंगराचंही नाही. त्या माणसांनी पुढे सुखाने संसार केला आहे, त्यांच्या अंगणात पुन्हा पोलिसांची गाडी कशाला उभी करायची?

आमच्या हद्दीतल्या एका गावातले दोन चुलतभाऊ. आपण त्यांना थोरला आणि धाकटा म्हणू. दोघांचे मळे शेजारीशेजारी, कापूस आणि थोडी केळी. लहानपणी एका ताटात जेवलेले. पण पुतणीच्या लग्नाच्या पत्रिकेत थोरल्याचं नाव छापायचं राहिलं. पत्रिका छापून आणली होती धाकट्याने. आता खान्देशात पत्रिकेतून नाव गळणं म्हणजे काय, ते इथल्या माणसाला सांगायला नको. थोरला मांडवात जेवला नाही. धाकटा समजवायला गेला, शब्दाला शब्द लागला, आणि भर मांडवात धाकटा ओरडला, "जास्त बोलशी तर डोंगरवरथून लोटी दिसू तुले!"

हे वाक्य सगळ्या वऱ्हाडाने ऐकलं. पुढे आमच्या कागदातही आलं.

दोन वर्षं दोन्ही घरांचं बोलणं बंद. मग एका दिवाळीनंतर गावातल्या एका आबांनी दोघांना पारावर बसवलं आणि म्हणाले, "दोन्ही जण देवना डोंगरवर जाई या. वर जाईसन भांडा नही तर गळे मिळा, पण सोबत जा." त्या डोंगराच्या माथ्यावर एक शेंदूर फासलेला देव आहे. दिवाळीनंतर पंधरा-वीस दिवस लोक चढतात, एरवी तिथे माकडं आणि वारा. रस्ता नाही, पायऱ्या नाहीत, फोनला रेंज नाही. गावातली जीप ठरली, दोघे गेले. मोबाईल जीपमध्येच ठेवून वर चढले.

संध्याकाळी धाकटा एकटा खाली आला.

त्याचं म्हणणं असं, की माथ्यावरून दोघे बरोबर निघाले. थोडं उतरल्यावर थोरल्याच्या लक्षात आलं की देवापुढे फोडलेल्या नारळाचा प्रसाद वरच राहिला. "तू खिंडमा थांब, मी लई येस," म्हणून तो परत वर गेला. तेवढ्यात धुकं आलं. धाकटा खिंडीत थांबला, हाका मारल्या, शेवटी वाटलं दुसऱ्या वाटेने पुढे गेला असेल, म्हणून उतरला. खाली तो आलेलाच नव्हता.

आम्ही हरवल्याची नोंद घेतली. थोरल्याच्या बायकोकडून वर्णन लिहून घेतलं: वय, बांधा, अंगात पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट, करडी पॅन्ट. बिनतारी संदेश आसपासच्या सगळ्या ठाण्यांना गेला, सीमेपलीकडे मध्य प्रदेशातही. वनखात्याची माणसं, गावातली पोरं, सगळे डोंगरावर फिरून आले. काही सापडलं नाही.

दोन-तीन दिवसांनी जीपवाल्याचा साहेबांना फोन आला. आम्ही याला खबर म्हणतो. खबर देणारा वाईटच असतो असं नाही, या बिचाऱ्याच्या मनाला ते लागून राहिलं होतं. त्याचं म्हणणं, "साहेब, वर चढताना पांढरा शर्ट थोरल्याच्या अंगात होता. धाकटा खाली आला तेव्हा त्याने घाईघाईने जीपमधलं जाकीट चढवलं. पण मी पाहिलं. जाकिटाखाली तोच पांढरा शर्ट होता."

झडती झाली. शर्ट धाकट्याच्या घरी देव्हाऱ्याखाली सापडला. न धुतलेला, नीट घडी घातलेला, बाहीवर रक्ताचा डाग. पंचांसमोर जप्त केला, लाखेचं सील, लेबल, मुद्देमाल. थोरल्याचा मेहुणा नशिराबादजवळच्या एका गावाहून आला आणि त्याने फिर्याद दिली. मांडवातली धमकी होती, हरवलेल्या माणसाचा शर्ट होता, वर रक्त होतं. धाकट्याला अटक झाली, न्यायालयाने पोलीस कोठडी दिली.

आमचे साहेब माणूस म्हणून सरळ होते, तपासात मात्र घाईचे. त्यांनी धाकट्याला विचारलं, "शर्ट तुझ्याकडे कसा आला?"

"त्यानीच माले दिन्हा," तो म्हणाला.

"थंडीवाऱ्यात डोंगराच्या माथ्यावर भावाने अंगातला शर्ट काढून दिला? आणि तूही घेतलास?"

"हां."

त्यावर एक थप्पड बसली. मी तिथे दाराशी उभी होते. त्यानंतर धाकटा बोलायचाच थांबला. मी इतकी वर्षं माणसं पाहिली आहेत. खोटं बोलणारा मार बसला की जास्त बोलतो, गोष्ट बदलत जातो. खरं बोलणारा एकदा सांगतो, दोनदा सांगतो, आणि मग तोंड मिटतो. त्याच्याकडे बदलून सांगायला दुसरी गोष्टच नसते ना. पण हे मी म्हटलं तर साहेब म्हणाले, "तुम्हाला सगळेच गरीब वाटतात हो."

साहेबांनी दुसरा संदेश पाठवला. आता त्यात लिहिलं होतं, की अंगावर शर्ट नसलेलं पुरुषाचं प्रेत आढळल्यास कळवावे.

थोरल्याची बायको रोज ठाण्यात यायची. सकाळी यायची, ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोरच्या बाकावर बसायची, दुपारची एस.टी. धरून परत जायची. कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात हिरव्या बांगड्या. सोबतच्या बायका कुजबुजायच्या की हिला काही कळतंय की नाही. एक दिवस मी तिला चहा दिला. म्हटलं, "बाई, घरी थांब. काही कळलं तर आम्ही निरोप देऊ."

तिने कप बाकावर ठेवला. मग म्हणाली, "अक्का, तुम्हना साहेब प्रेत शोधी ऱ्हायना. तुम्ही माणूस शोधा."

"तुला काय वाटतं, दिराने काही केलं असेल?"

"त्यानी?" ती म्हणाली, "तो सापले घाबरस, कोंबडी कापाले घाबरस. तोंड तेवढं मोठं शे त्यानं." आणि पदर तोंडाला लावून तिथेच रडली. त्या आठवड्यात मी तिला पहिल्यांदा रडताना पाहिलं.

कोठडीची मुदत संपत आली. घटनास्थळ दाखवायला आरोपीला डोंगरावर न्यायचं ठरलं. साहेबांच्या पाठीला पट्टा होता, ते चढणार नव्हते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मीही पाहिलं माझ्या गुडघ्यांकडे. म्हटलं, "जाते साहेब." आज मला वाटतं, त्यांच्या पाठीचे माझ्यावर उपकार आहेत.

भल्या पहाटे निघालो, उजाडताना पायथ्याला पोहोचलो. मी, एक हवालदार, दोन सरकारी पंच, बेडी घातलेला धाकटा, आणि वाट दाखवायला पायथ्याच्या पाड्याचे पोलीस पाटील. हे पाटील म्हणजे काटक म्हातारा, डोक्याला लाल फडकं, पायात टायरच्या चपला. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "म्याडम, तुम्ही येणार का तुमची काठी येणार?"

"काठी आधी येईल, मी मागून," मी म्हटलं.

"मग चला. पण बोलत चला. बोलणारा माणूस चढतो, गप माणूस बसतो."

मला बोलायला सांगावं लागत नाही, हे त्यांना काय माहीत!

सुरुवातीला साग आणि अंजन, खाली पानांचा एवढा सडा की पाय टाकला की कुरकुर. मग बांबूची बेटं. मग कमरेएवढं गवत, त्याची कुसळं खाकी पॅन्टमधून आत घुसून टोचत होती. सूर्य वर आला तसा घाम डोळ्यांत यायला लागला. दिवाळी होऊन गेलेली, पण सातपुड्याच्या उतारावर ऊन लागलं की हिवाळा बिवाळा काही नसतो, कढईत बसल्यासारखं होतं. दोन पंचांपैकी एक जण दर वळणावर विचारायचा, "आलं का?" आणि पाटील दर वेळी म्हणायचे, "आलंच, तुम्ही फक्त चालायचं राहिलं."

एका ओढ्याशी थांबलो. पाटलांच्या घरून कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी आणि ठेचा होता. मी एक चतकोर धाकट्याच्या हातावर ठेवला. त्याने खाल्ला नाही, नुसता धरून बसला.

पाटलांनी डोक्याचं फडकं सोडून तोंड पुसलं. मी गमतीने म्हटलं, "पाटील भाऊ, फडकं चांगलंय, लालभडक."

"माझं नाही ते," पाटील हसले. "माझ्या साडूचं आहे. त्याचं आणि माझं एका बैलावरून वाजलं होतं. आमच्यात असं आहे म्याडम, भांडलेले दोघं देवावर गेले की वर फडकी बदलतात. त्याचं माझ्या डोक्यावर, माझं त्याच्या. मग भांडायचं कसं? त्याला शिवी द्यायची तर आधी त्याचं फडकं डोक्यावरून काढावं लागेल." ते मोठ्याने हसले. "काढलं नाही अजून. साडू तसा आजही गाढवच आहे, पण काढलं नाही."

सगळे हसले. धाकट्याने मान वर केली, पाटलांकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. मला ते दिसलं. दिसलं, पण तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही.

खिंडीच्या वर खरी चढण होती. उभा कातळ, त्यावर हात रोवायला बेचकी, खाली दरी. बेडी घातलेल्या माणसाला तिथून चढता येणं शक्य नव्हतं. मी हवालदाराला म्हटलं, "बेडी काढा."

"म्याडम, पळाला तर? नाही तर उडी टाकली तर?"

"पळाला तर माझी नोकरी जाईल. असाच चढवला तर त्याचा जीव जाईल. काढा."

नियम मला माहीत होते. आरोपी माझ्या ताब्यात होता आणि त्याची जबाबदारी माझी होती. त्या जबाबदारीतच त्याचा जीवही येतो, असं मी धरून चालले.

बेडी निघाली. धाकटा भरभर कातळ चढला आणि वर जाऊन उभा राहिला. एक क्षण आम्ही सगळे खाली, तो एकटा वर, आणि त्याच्या पलीकडे मोकळा डोंगर. धाकटा मात्र वळला, पोटावर पालथा झाला आणि त्याने माझ्याकडे हात खाली सोडला.

"अक्का, धरा."

"म्याडम, नका हात देऊ," हवालदार मागून म्हणाला.

ज्याच्यावर भावाला डोंगरावरून लोटल्याचा आरोप, त्याचा हात. मी काठी टाकली आणि हात दिला. त्याने माझी बोटं धरली नाहीत, मनगट धरलं, घट्ट. आणि मला वर ओढून घेईपर्यंत तो सारखा म्हणत होता, "खाले देखू नका, मन्हाकडे देखा. मन्हाकडे देखा." माझा तोल सावरल्यावर त्याने हात सोडला. त्याच्या कपाळावर माझ्यापेक्षा जास्त घाम होता. स्वतःच्या घाबरटपणावर मात करून कोणी आपल्याला सांभाळत असेल, तर ते अंगाला कळतं. त्याला पुरावा म्हणत नाहीत आणि पंचनाम्यात ते लिहिताही येत नाही.

माथ्यावर पोहोचलो. देव म्हणजे शेंदराचा दगड, भोवती नारळाच्या करवंट्या, बांबूवर फाटकी निशाणं. दक्षिणेकडे तापी चांदीच्या तारेसारखी दिसत होती आणि तिच्या दोन्ही बाजूंनी आपला सगळा मुलूख. उत्तरेकडे मध्य प्रदेश, डोंगरामागे डोंगर, निळे होत गेलेले. मी देवाला हात जोडले. कशासाठी ते नेमकं ठरवलं नव्हतं. पोहोचले एवढ्यासाठीच असतील.

पण वारा! खाली घामाने भिजलो होतो, वर तोच घाम बर्फासारखा लागायला लागला. पंचांनी मफलर गुंडाळले. मी स्वेटर घातला तरी दात वाजत होते. धाकटा पातळ शर्टात देवापाशी उकिडवा बसला होता, हात काखेत धरून, थरथरत. मी हवालदाराला म्हटलं, त्याला घोंगडी द्या. आणि हे म्हणता म्हणता माझ्या मनात अगदी घरगुती विचार आला. आई मुलाला विचारते ना, उघडाच का हिंडतोस, तसा. या वाऱ्यात उघड्या अंगाने कोणी पावलंही टाकणार नाही. मग थोरला?

मी धाकट्यासमोर खाली बसले. "शर्ट त्यानेच दिला, म्हणतोस."

"हां."

"मंग तो काय घालीसन उतरना? उघडाच?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही इतके दिवस तो बंद दाराशी उभा होता आणि मी आतून कडी काढली.

"नही अक्का," तो म्हणाला. "मन्हा."

वारा घोंघावत होता, तरी मला ते शब्द लख्ख ऐकू आले. मग त्याने सगळं सांगितलं. त्या दिवशी माथ्यावर पाड्यावरचे दोघे जण फडकी बदलत होते. थोरला बघत राहिला. मग म्हणाला, आपण पण करू. दोघांकडे ना फडकं ना टोपी. तेव्हा थोरल्यानेच अंगातला पांढरा शर्ट काढला आणि धाकट्यापुढे धरला. धाकट्याने आपला दिला. रडले दोघं. आणि ठरवलं, की गावात असेच शिरायचं, एकमेकांच्या शर्टात, पारावरून, सगळ्यांना दिसेल असं. एकट्याने तो मिरवायचा नव्हता, म्हणून खाली येताच त्याने वरून जाकीट चढवलं. बदललेली गोष्ट धुवायची नाही, म्हणून त्याने शर्ट तसाच देव्हाऱ्याखाली ठेवला. बाहीवरचं रक्त त्याचं स्वतःचं, करवंदीच्या काट्याचं. हात पुढे करून त्याने ओरखडा दाखवला, खपली अजून होती.

"हे सांगितलं का नाहीस?"

"कोणी इचारंच नही. शर्ट कोठेन ऊना, एवढंच इचारं. सांगं तर चापट बसनी. मी म्हणे, दादा येई तवय दोन्ही जण मिळी सांगसुत."

"तुझा शर्ट कसा होता?"

"लाल चौकडाना. बहीणनी राखीले लयेल."

लाल चौकड्यांचा शर्ट. मी तिथेच बसून राहिले. आमचा पहिला संदेश सांगत होता पांढरा शर्ट. दुसरा सांगत होता उघड्या अंगाचं प्रेत. आणि लाल चौकड्यांच्या शर्टातल्या माणसाला अख्ख्या दोन राज्यांत कोणीच शोधत नव्हतं.

पाटील उत्तरेच्या बाजूला उभे होते. म्हणाले, "धुक्यात हीच चूक होते म्याडम. ही डोंगराची सोंड आपल्या वाटेसारखीच दिसते, पण उतरते तिकडे." त्यांनी हात मध्य प्रदेशाकडे केला.

उतरताना गुडघा दुखत होता की नाही, मला आठवत नाही. खिंडीखाली एका खडकावर फोनला एक कांडी रेंज यायची. तिथून मी नियंत्रण कक्षाला नवीन वर्णन सांगितलं. मग साहेबांना सांगितलं. त्यांनी नवीन वर्णन पुन्हा एकदा विचारून लिहून घेतलं. मग म्हणाले, "मी स्वतः पलीकडे फोन लावतो." आणि त्यांनी लावले, एकेका ठाण्याला, एकेका दवाखान्याला. साहेबांचं हे मला नेहमी आवडलं. चुकीच्या वाटेने गेले की ते रागावून तिथेच बसत नसत.

आम्ही पायथ्याला पोहोचलो तेव्हा ठाणे अंमलदाराचा फोन आला. सीमेपलीकडच्या एका सरकारी दवाखान्याच्या चौकीतून उत्तर आलं होतं. "ऐसा एक आदमी है तो सही. लाल चेक्स की शर्ट. पर हम तो उसके घरवालों को ढूंढ रहे थे, और आप लोग तो लाश मांग रहे थे."

मी धाकट्याला सांगितलं. सकाळपासून खिशात ठेवलेला भाकरीचा चतकोर त्याने काढला आणि खायला लागला.

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. थोरल्याची बायको सोबत, धाकटाही, कारण ओळख पटवायची होती. थोरला खाटेवर होता, डोक्याला पट्टी, एक पाय वजनाला बांधलेला. धुक्यात सोंडेवरून घसरला, नाल्यात पडला. तिकडच्या पाड्यावरच्या एका नवरा-बायकोला लाकडं आणताना दिसला. त्यांनी घोंगडीची झोळी केली, बांबूला बांधली, चार माणसं जमवली आणि डोंगर उतरून रस्त्यापर्यंत आणला. डोक्याच्या माराने तो कित्येक दिवस शुद्धीत नव्हता, आला तरी तोंडातून धड शब्द निघत नव्हता. ना ओळख, ना नाव, ना गाव. आणि तरीही ती बाई पाळीपाळीने नवऱ्याबरोबर खाटेशी बसायला यायची. चौकड्यांचा शर्ट तिने धुऊन, फाटलेला खांदा काळ्या दोऱ्याने शिवून, पुन्हा त्याच्या अंगात घातला होता. मी तिला विचारलं, ओळख ना देख, तुम्ही का थांबलात?

ती म्हणाली, "बोलता नहीं था तो क्या हुआ? खाता तो था. खिलाने को कोई चाहिए ना."

मी पोलिसात होते, मला सलाम करायची सवय आहे. त्या बाईला मी मनापासून केला.

थोरल्याची बायको खाटेपाशी गेली. मला वाटलं आता रडेल. ती म्हणाली, "नारळ करता परत गयात? घर नारळ नही व्हता का?" आणि मग त्याच्या हातावर डोकं ठेवलं.

थोरल्याची नजर मात्र दाराकडे होती. धाकटा तिथे उभा होता, अंगात कोणाचा तरी निळा शर्ट. थोरला त्याच्याकडे बघत राहिला, आणि मोठ्या कष्टाने, एकेक अक्षर जुळवत बोलला. डॉक्टर म्हणाले, इतकं मोठं वाक्य त्याने पहिल्यांदाच म्हटलं.

"शर्ट... काढी टाका का रे?"

धाकट्याच्या तोंडून हुंदका आला. "मी नही काढा दादा," तो म्हणाला. "जप्त व्हयी गया. मुद्देमालमा शे."

थोरल्याला काही कळलं नाही. आमचा हवालदार मात्र भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, आणि त्याचे खांदे हलत होते. हसत होता की रडत होता, मी विचारलं नाही.

पुढचं सगळं कागदोपत्री. गैरसमजातून दाखल झालेला गुन्हा म्हणून न्यायालयात क समरी, म्हणजे तपास बंद करण्याचा अहवाल, गेली, धाकटा सुटला. साहेबांनी त्याला ठाण्यात बोलावलं, खुर्ची दिली, आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "माझा हात उठायला नको होता." एवढं म्हणायला मोठं मन लागतं, खाकीत तर जास्तच.

या तपासाने मला काय शिकवलं, असं कोणी विचारलं तर मी सांगते, की वस्तू कुठून आली एवढं विचारून थांबू नये, तिच्या जागी काय गेलं तेही विचारावं. आणि ज्याला शोधायचं त्याला जिवंत धरून शोधावं, मेलेला धरून शोधलं की जिवंत माणूस समोर असला तरी दिसत नाही. हे मला थोरल्याच्या बायकोने बाकावर बसून सांगितलं होतं. तिचे, पाटलांच्या लाल फडक्याचे, पाड्यावरच्या त्या बाईच्या काळ्या दोऱ्याचे, आणि माझं मनगट धरणाऱ्या त्या हाताचे आभार मानल्याशिवाय माझी नोकरी पूर्ण होत नाही. शिपाई म्हणून लागले तेव्हा वाटायचं, पोलीस लोकांना सांभाळतो. उलटही बरंच असतं हो.

शेवटचं एक सांगते आणि थांबते. थोरला कुबडी घेऊन चालायला लागल्यावर न्यायालयाच्या हुकुमाने मुद्देमाल परत द्यायचा होता. दोघे भाऊ आले. थोरल्याच्या अंगात काळ्या दोऱ्याने शिवलेला लाल चौकड्यांचा शर्ट. मुद्देमाल सांभाळणारा आमचा कारकून काटेकोर माणूस. त्याने पुडकं काढलं, सील तोडलं आणि विचारलं, "मालक कोण?"

धाकट्याने थोरल्याकडे बोट दाखवलं. थोरल्याने धाकट्याकडे.

"अहो, एक कोणी तरी सांगा. मला सही घ्यायची आहे."

"पैला मन्हा व्हता," थोरला म्हणाला. आता त्याला स्वच्छ बोलता येत होतं. "आते त्याना शे."

कारकुनाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "दोघांची घ्या."

धाकट्याने तिथेच, ठाण्याच्या ओट्यावर, अंगातला शर्ट काढून पांढरा घातला. घडीच्या रेघा पडलेला, बाहीवर तो डाग तसाच. वरच्या बटणाला मुद्देमालाच्या लेबलाचा दोरा अजून लोंबत होता. त्याने ओढून पाहिला, निघेना. थोरल्याने कुबडी भिंतीला टेकवली, वाकला, आणि घरातल्या बायका शिवण संपल्यावर तोडतात तसा तो दोरा दाताने तोडला.

मग दोघं फाटकातून बाहेर पडले. गावात आधी पारावरून जायचं होतं त्यांना.